बाहेरचा उतार

दीर: तुम्ही पायी चाला, मी हातानं पॅडल मारतो. बघू वर आधी कोण पोचतं.

वहिनी: भाऊजी, मी शर्यतीला आलेली नाही. आणि तुम्ही येऊ नका, असं मी काल फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

दीर: सांगितलं होतंत. मी नीट ऐकलंही. पण ऐकणं वेगळं आणि मानणं वेगळं, हे आमच्या घराण्यातच आहे.

वहिनी: ते मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं.

दीर: मग झालं तर. वाट माझ्या भावानं बांधली. माझी ही तीनचाकी माळावर नेणारी सबंध जंगलात तेवढी एकच. ती बंद करायची की नाही हे ठरवायला तुम्ही निघालात, आणि मी खाली दुकानात पंक्चर काढत बसू?

वहिनी: ठरवायला नाही. तपासायला.

दीर: तुम्ही तपासणार, संध्याकाळी जंगलाच्या व्यवस्थापकांना सांगणार, आणि उद्या सकाळी ते खालच्या फाटकाला साखळी लावणार. जमिनीच्या बाबतीत तुमच्या खात्याचा शब्द शेवटचा. आता यात ठरवणं कुठं नाही ते सांगा.

वहिनी: ठरवते जमीन. मी तिला फक्त विचारते.

दीर: दादा म्हणायचा, आमच्या घरात दोघंजण मातीशी बोलतात, पण मी तिला लाडीगोडी लावतो आणि ही तिची उलटतपासणी घेते.

वहिनी: लाडीगोडीला माती फसत नाही. मोटर लावा, चढ आहे.

दीर: इतक्यात नको. हात अजून शाबूत आहेत. बॅटरी वरच्या पट्ट्यासाठी राखून ठेवतो.

वहिनी: वरचा पट्टा मी आधी बघणार. तोवर तुम्ही झाडांच्या कडेला थांबायचं. एवढं कबूल असेल तरच चला.

दीर: कबूल.

वहिनी: तुमचं ‘कबूल’ ऐकण्यात जमा करायचं, की मानण्यात?

दीर: बघा, हसवलंत की नाही! वर्षभरात पहिल्यांदा तुमच्या तोंडून काहीतरी वाकडं ऐकलं. बरं वाटलं.

वहिनी: या वळणावर सावकाश. पानं ओली आहेत.

दीर: या वळणावर मी झोपेतसुद्धा सावकाश येतो. इथंच काळी वाट आपल्या वाटेला छेद देते. ती बघा, कड्यावरून सरळ खाली. अकरा वर्षं उडवली मी सायकल तिथून. साधं खरचटलं नाही.

वहिनी: खरचटलं होतं. दोनदा टाके पडले होते. माझ्या गाडीचं मागचं सीट तुमच्या रक्तानं भरलं होतं.

दीर: ते किरकोळ. काळ्या वाटेनं माझं काही वाकडं केलं नाही, आणि दुकानातल्या माळ्यावरून टायर काढताना स्टुलावरून पडलो आणि कमरेखालचं सगळं गेलं. सांगायचीसुद्धा लाज वाटते हो. लोक विचारतात, कुठल्या वाटेवर झालं? मी म्हणतो, काळ्या.

वहिनी: माहीत आहे. मला तीन जणांनी ते सविस्तर सांगितलंय. एकानं तर तुम्हाला पडताना बघितलंही होतं.

दीर: आणि तुम्ही काय म्हणालात?

वहिनी: म्हटलं, हो, फार भयंकर होतं.

दीर: तुम्ही? खोटं बोललात?

वहिनी: स्टूलही भयंकरच होतं. त्याचा एक पाय आखूड होता.

दीर: थांबा, वरून कुणीतरी येतंय. घंटी ओळखीची आहे. सिस्टरच! बाजूला व्हा वहिनी, जोडसायकल आहे, तिला लवकर थांबता येत नाही.

सिस्टर: अगंबाई, पेशंट! आज बुधवारी कसे काय? आणि खांदा काय म्हणतोय? शेक घेता का?

दीर: घेतो.

सिस्टर: खोटं. मानेवरूनच कळतं. चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. या कोण?

दीर: या आमच्या वहिनी. दादाच्या… दादाची बायको. वहिनी, या सिस्टर. निवृत्त झाल्यावर साठीत सायकल शिकल्या, आणि आता दर रविवारी अख्खा वॉर्ड घेऊन माळावर येतात.

सिस्टर: वॉर्डच म्हणा! अर्धांगातून उठलेले आमचे ड्रायव्हरकाका, दृष्टी गेलेल्या एक बाई, त्या माझ्या मागच्या सीटवर बसतात, आणि एकजण नुसतेच घाबरट. घरच्यांनी ‘आता गप्प पडून राहा’ म्हटलेली सगळी मंडळी. ताई, तुमच्या मिस्टरांनी काय काम करून ठेवलंय ते तुम्हाला ठाऊक नाही हो. खाली हिरवी, निळी, लाल, काळी, अशा रंगारंगाच्या वाटा आहेत. सोपी ती हिरवी, हातपाय मोडून घ्यायचे तर काळी. पण आमच्यासारख्यांनी माळ बघायचा तर तो फोटोत. त्या माणसानं आम्हाला वर नेलं. फार मोठं पुण्य.

वहिनी: थोडं विचारू का? वरच्या पट्ट्यात, झाडं संपल्यावर माथ्यापर्यंत, चाकाखाली काही वेगळं जाणवलं का तुम्हाला?

सिस्टर: जाणवतं की! इतकं छान झालंय आता. पूर्वी खडी खडखड लागायची. आता मऊ, गादीवरून गेल्यासारखं. आमचे ड्रायव्हरकाका म्हणतात, सिस्टर, एवढ्या भागात माझी पाठ दुखतच नाही.

वहिनी: कधीपासून?

सिस्टर: उन्हाळा सरल्यापासून असेल. मधोमध तर चाक थोडं खाली जाऊन वर येतं. मजा वाटते. का हो?

वहिनी: आज परत वर जाऊ नका. आणि खाली कुणी चढताना भेटलं तर त्यांना माघारी पाठवा.

सिस्टर: अरे देवा. आणि रविवारचं? सगळ्यांना कळवून झालंय माझं. त्या बाईंनी तर नवीन बूट घेतलेत.

वहिनी: रविवारचं संध्याकाळी कळेल.

सिस्टर: हा असा आवाज मी ओळखते, ताई. डॉक्टर काढायचे, नातेवाइकांना बाहेर बोलावून. बरं. येते मी. पेशंट, खांद्याला शेक.

दीर: मऊ झालीय म्हणाल्या. वाट मुरली असेल वहिनी. तीन वर्षं झाली. खडी आता नीट बसली असेल.

वहिनी: खडी बसली की कडक होते. मऊ होत नाही.

दीर: खालची माती तर मऊच आहे.

वहिनी: ती माती नाही, शेवाळ आहे. हजारो वर्षांचं, अर्धवट कुजलेलं, पाण्यानं फुगलेलं. वाट त्याच्यावर तराफ्यासारखी ठेवलीय. खाली जाळीचं कापड, वर दगड, वर खडी. तराफा हलायला लागला तर खाली काय झालंय ते बघावं लागतं. इथं झाडं संपली. थांबा. ब्रेक लावा.

दीर: लावला.

वहिनी: मी ही सळई दर वीस पावलांवर टोचत जाणार. मी हात वर केल्याशिवाय पुढं यायचं नाही.

दीर: वहिनी, तुम्ही टोचत बसलात की दुपार सरेल. मी वर जाऊन थांबतो. तिथून माझ्यावर नजर ठेवायलाही सोपं.

वहिनी: भाऊजी, नाही. भाऊजी! मोटर बंद करा! त्या पट्ट्यावर वजन नकोय! अहो, ऐका!

दीर: ऐकलं!

(वहिनी सळई टोचत पट्ट्याच्या कडेकडेनं वर येते. दीर माथ्यावरच्या सपाट खडकाशी सायकल उभी करून बसलेला आहे.)

दीर: आलात? बघा, काही झालं नाही. मधोमध सिस्टर म्हणतात तसं थोडं दबलं, इतकंच. रागावलात?

वहिनी: ब्रेक लावलाय? चाकाला दगड लावते. हलू नका.

दीर: दगड कशाला? ब्रेक लावलाय की.

वहिनी: ऐका आता, आणि मध्ये बोलू नका. खालच्या भागात सळई खडीतून गेली, दगडांतून वाट काढून गेली आणि खाली अडली. तसंच अपेक्षित होतं. मधल्या भागात दगड संपले आणि सळई माझ्या हातातून सुटली.

दीर: सुटली म्हणजे? निसटली?

वहिनी: म्हणजे खाली गेली, स्वतःच्या वजनानं, मुठीपर्यंत. खाली काहीच नव्हतं. मी आडवी होऊन कान लावला. पाणी वाहतंय.

दीर: माळावर पाणी सगळीकडेच वाहतं.

वहिनी: वर वाहतं. हे खाली वाहतंय, वाटेच्या पोटात. त्यानं बोगदा पोखरलाय. एक माणूस रांगत जाईल एवढा असेल. तुम्ही आत्ता त्याच्या छतावरून गाडी घेऊन आलात.

दीर: मग पाइप टाका. चर खोदा, पाणी बाजूला काढा. दादाची माणसं अजून आहेत, मी बोलावतो सगळ्यांना.

वहिनी: खोदायचं यंत्र या छतावरून वर यायला हवं. ते येणार नाही. दुसऱ्या बाजूनं आणायचं तर शाबूत दलदल फोडावी लागेल. एक जखम शिवायला दुसरी करायची.

दीर: मग निदान मला एकट्याला येऊ द्या. मोठे गट बंद करा. सिस्टरचा वॉर्ड बंद करा. माझं वजन ते किती?

वहिनी: प्रश्न तुमच्या वजनाचा राहिलेला नाही. हा उतार कुठं जातो बघा. काय आहे खाली, त्या झाडांच्या पलीकडे?

दीर: ओढा.

वहिनी: आणि ओढ्याच्या काठानं?

दीर: हिरवी वाट.

वहिनी: हिरव्या वाटेवर कोण असतं? तुमच्याच दुकानातून भाड्यानं नेलेल्या छोट्या सायकली. छत बसलं की वरचं सगळं पाणी एकदम त्या भगदाडात जाईल, आणि हा अख्खा उतार सुटेल. उद्या सुटेल की पाच वर्षांनी, ते मला सांगता येत नाही. सुटणार नाही, असं मात्र मी सांगू शकत नाही.

दीर: तुम्हाला ही वाट कधीच नको होती.

वहिनी: नव्हती. माळावर कुठलीच वाट नको होती मला. तो नकाशा घेऊन जेवायला बसायचा, आणि मी रोज नाही म्हणायचे. भाजी निवून जायची.

दीर: आता तुमच्या मनासारखं होतंय.

वहिनी: असं वाटत असेल तर तसं.

दीर: चुकलो. जीभ घसरली.

वहिनी: असू दे.

दीर: पण वर्षभर तुम्ही एकदाही वर आला नाहीत. मी कितीदा म्हटलं, चला. दर वेळी काहीतरी निमित्त.

वहिनी: काम नव्हतं इकडं.

दीर: काम नव्हतं! वहिनी, मी दर आठवड्याला येतो. इथं, या खडकाशी. तुम्ही हसाल, पण तो असतो इथं. मला कळतं.

वहिनी: हसत नाही. पण तो नसतो.

दीर: तुम्हाला काय माहीत?

वहिनी: मी जवळ होते, भाऊजी. हात हातात होता. तो कुठंही गेला नाही. संपला.

दीर: तुमच्याशी बोलणं म्हणजे या खडकावर डोकं आपटणं आहे.

वहिनी: तुम्ही येता तेव्हा तुम्ही असता इथं. वाट त्याचसाठी होती. तो असावा म्हणून नव्हती.

दीर: मला एक कळत नाही. पाणी खाली गेलं कसं? दादाची कुठलीही वाट घ्या, बाहेरच्या बाजूला किंचित कललेली. डोळ्याला दिसणार नाही, पण पाण्याला कळेल एवढी. म्हणायचा, वाटेवर पहिला स्वार पाणी. त्याला थारा द्यायचा नाही, कडेनं बाहेर काढून द्यायचं. नवीन पोरांना तेच शिकवायचा. मग हा पट्टा टेबलासारखा सपाट कसा? पाणी साचणार नाही तर काय होईल?

वहिनी: साचलंच. मग झिरपलं. मग त्यानं पोखरलं.

दीर: म्हणजे कुठल्या तरी मजुरानं चुकवलं. दादा नसताना.

वहिनी: हा पट्टा त्यानं स्वतः केला होता.

दीर: मग शक्यच नाही. पहिला जोराचा पाऊस आला की तो वाटेवर जाऊन उभा राहायचा, छत्रीसुद्धा न घेता. पाणी कुठून येतं, कुठं जातं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यानं एकही वाट उघडली नाही. ही तेवढी बघायची राहिली का?

वहिनी: नाही. हीसुद्धा बघितली. चिंब होऊन घरी आला. मी विचारलं, पाणी कुठं गेलं? तर म्हणाला, गेलं कुठंतरी. आणि कपडे बदलायला निघून गेला.

दीर: दादा म्हणाला? ‘कुठंतरी’?

वहिनी: हं.

दीर: तो ‘कुठंतरी’ म्हणणारा माणूस नव्हता.

वहिनी: भाऊजी, त्याच्याकडून चूक झाली असं धरून चाला. माणूस आहे, होते.

दीर: ‘धरून चाला’? वहिनी, तुम्ही आयुष्यात कधी काही धरून चाललात? चहात साखर घातलीय असं धरून चालत नाही तुम्ही, ढवळून बघता.

वहिनी: ऊन उतरायला लागलंय. आपण आता—

दीर: त्याला माहीत होतं.

वहिनी: —खाली कसं जायचं ते बघू.

दीर: माहीत असताना त्यानं सपाट केला. कशाला? सायकलवाल्यांना बाहेरचा उतार खुपत नाही. उलट बरा वाटतो, वळणावर चाक धरून ठेवतो. दोन चाकांना काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो… तीन चाकांना.

वहिनी: पुरे आता.

दीर: आधी इथं उतार होता. मी पहिल्यांदा आलो तेव्हा होता. तीनचाकीला कलतं चालत नाही. वरचं चाक उचललं गेलं आणि मी सायकलीसकट आडवा झालो, त्या खालच्या झुडपांत. तोंडात काळं पाणी गेलं. सीटच्या पट्ट्यांनी बांधलेला, त्यामुळं सुटताही येईना.

वहिनी: माहीत आहे मला.

दीर: दादा धावत आला. पट्टे सोडले आणि मला उचललं, दोन्ही हातांवर, लहान पोराला घ्यावं तसं. त्याची सगळी माणसं फावडी टेकून बघत होती. मी त्याला काय म्हणालो, तेही सांगितलं असेल.

वहिनी: नाही. घरी येऊन एवढंच म्हणाला, त्याला परत उचलावं लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच फावडं घेऊन गेला.

दीर: मला म्हणाला, खडी दाबली गेली म्हणून सपाट झालं.

वहिनी: मला काही म्हणालाच नाही. पण मी इथं पातळी लावून बघितली, आणि भांडले. मी म्हटलं, एका माणसासाठी तू डोंगर नासवतोयस.

दीर: बरोबर होतं तुमचं.

वहिनी: बरोबर होतं. त्याचा काय उपयोग?

दीर: मला विचारायला काय झालं होतं त्याला? एकदा, फक्त एकदा विचारलं असतं. मी म्हटलं असतं, राहू दे उतार, मी शिकतो. आता येतं मला! वरच्या बाजूला अंग टाकायचं, खांदा चाकावर दाबायचा. लाल वाटेच्या तोंडापर्यंत जातो मी तसा. सहा महिन्यांत आलं. सहा महिन्यांसाठी हा पट्टा सपाट हवा होता, वहिनी. नंतर कधीही परत कलता केला असता तरी चाललं असतं!

वहिनी: करणारच होता. तुमचा हात बसला की करणार होता. त्या हिवाळ्यात.

दीर: हिवाळ्यात तर त्याचं दुखणं निघालं.

वहिनी: हो.

दीर: अरेरे.

वहिनी: शेवटी शेवटी मी विचारलं त्याला. म्हटलं, वरच्या पट्ट्याचं काय? तर डोळे मिटूनच म्हणाला, तू बघशील. म्हणजे बांधायची यानं, आणि मोडायची मी. मला राग आला, भाऊजी. त्या खोलीत, त्या माणसाचा राग आला. तो अजून गेलेला नाही. वर येत नव्हते, त्याला काम नव्हतं हे कारण नव्हतं.

दीर: मला वाटायचं, तुम्हाला सहन होत नाही म्हणून.

वहिनी: तेच हे. दोन वेगळ्या गोष्टी नाहीत त्या.

दीर: मग संध्याकाळी काय सांगणार व्यवस्थापकांना?

वहिनी: तुम्ही सांगा.

दीर: जमीन ठरवते ना? मला कशाला विचारता?

वहिनी: जमिनीनं ठरवलंय. पण त्यानं तुम्हाला विचारलं नव्हतं. म्हणून मी विचारतेय.

दीर: हिरव्या वाटेवर आत्ताही कुणी असेल?

वहिनी: बुधवार आहे. शाळा सुटली की येतात.

दीर: बंद करा. संध्याकाळची वाट कशाला बघता, आत्ता फोन लावा. हिरवीचा तेवढा भागही बंद करा, या उताराखालचा. आणि सिस्टरना मी सांगतो. तुम्ही सांगितलंत तर त्यांना परत डॉक्टर आठवतील.

वहिनी: थांबा, आणखी एक आहे. तुम्ही खाली कसे जाणार?

दीर: आलो तसा. हळूहळू, कडेनं, बॅटरी बंद करून.

वहिनी: नाही.

दीर: एकदाच, वहिनी. शेवटचं.

वहिनी: छत एकदा वाकलंय. उतरताना ब्रेक लावाल, सगळं वजन पुढच्या चाकावर येईल. नाही.

दीर: मग पलीकडून, लाल वाटेनं.

वहिनी: लाल वाट दोन झाडांमधून जाते. तुमची सायकल त्या फटीत मावत नाही.

दीर: म्हणजे सायकल इथंच राहणार.

वहिनी: सायकल नंतर सुटी करून नेता येईल.

दीर: आणि मी?

वहिनी: बचाव पथक आहे. ते लाल वाटेनं पायी वर येतील.

दीर: आणि मला उचलून नेतील.

वहिनी: हो.

दीर: चार खांद्यांवर जायचं ते माणसानं एकदाच जायचं असतं, वहिनी. मी तर आत्ताच निघालो.

वहिनी: चार नाहीत. सहाजण लागतील, वाट फार उभी आहे. तुम्ही म्हणता तेवढे हलके नाही आहात.

दीर: टोमणा मारायची ही वेळ आहे का?

वहिनी: दुसरी कुठली आहे?

दीर: जे टळावं म्हणून त्यानं सगळा डोंगर पणाला लावला, तेच.

वहिनी: तुम्ही नको म्हणालात तर मी इथं तुमच्याबरोबर बसून राहीन. दुसरा मार्ग निघणार नाही, पण बसून राहीन.

दीर: नको. थंडी पडेल. तुम्हाला सर्दी होते. लावा फोन.

वहिनी: हॅलो. हो, मीच. वरून बोलतेय. वाट आत्तापासून बंद. हो, पूर्ण. फाटकावर माणूस ठेवा, नुसती साखळी नको. हिरव्या वाटेचा ओढ्याकडचा भागही रिकामा करा, आत्ता. आणि पथक पाठवा, लाल वाटेनं. नाही, जखमी कुणी नाही. आमच्या घरचे आहेत. त्यांना खाली आणायचंय. हो. वाट बघतो आम्ही.

दीर: किती वेळ लागेल म्हणाले?

वहिनी: तासभर.

दीर: मग एक करा. ते यायच्या आत मला या सायकलीतून काढा. वर आल्या आल्या सहाजणांनी माझे पट्टे सोडायचे, मला ओढून बाहेर काढायचं, हे नको. सहलीला आल्यासारखा बसलेला दिसू दे मला.

वहिनी: मी एकटी? मला जमेल?

दीर: मी सांगतो तसं करा. आधी माझ्या पाठीमागची ती उशी काढून खडकाला टेकवून ठेवा, नाहीतर पाठ खरचटलेली बघून सिस्टर माझा जीव घेतील. आता पट्टा सोडा. मागून या. काखेतून हात घाला, आणि माझी मनगटं धरा, माझ्याच छातीशी. हं. पायांकडे बघू नका, ते येतील मागून. तीन म्हटल्यावर मागे व्हा. एक, दोन, तीन.

वहिनी: आले. आले. थांबा. लागलं का कुठं?

दीर: मला कुठं कळणार? तुम्हीच बघा. टाच अडकलीय का?

वहिनी: नाही. सोडवली. नीट आहे सगळं.

दीर: बघा, उचललंत तुम्ही. मी शिवीसुद्धा दिली नाही.

वहिनी: दिली असती तरी मी घरी सांगितलं नसतं.

दीर: कुणाला सांगणार होतात?

वहिनी: हो. तेही आहेच.

दीर: खाली साखळी लावली वाटतं. कुत्रं भुंकतंय फाटकाकडं. इथून किती लांबचं ऐकू येतं… आता हे पाणी असंच पोखरत राहणार?

वहिनी: नाही. वरच्या अंगाला हातानंच छोटे बांध घालू, दगडाचे. पाणी पसरेल. मग खडीवर शेवाळ धरेल. आपल्या हयातीत फार काही दिसणार नाही, पण धरेल.

दीर: पण मला तर वर येता यायचं नाही. बसल्या जागी काय करता येतं मग?

वहिनी: दगड कोणते आणायचे ते सांगा. तुमच्या दादाच्या माणसांना तुमचंच ऐकायची सवय आहे. माझं ऐकतात, मानत नाहीत.

दीर: बरं.

वहिनी: झोंबतोय का वारा? माझी शाल घ्या.

दीर: राहू द्या. अहो, तुम्ही तशाच जमिनीवर बसलात? खाली ओलं असेल.

वहिनी: आहे.

दीर: मग उठा ना. इकडं खडकावर बसा.

वहिनी: नको. आता बसवतंय मला इथं.